दुसरी मूठमाती

ब्रेझना गावातली एकशे बारा थडगी
ऑगस्ट संपायच्या आत हलवायची होती.
कंपनीचं पत्र दोन भाषांत आलं,
आमच्या सोर्बियनमध्ये दोन चुका.
वोर्शामावशीने त्या लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या
आणि पत्र परत पाठवलं.
उत्तर आलं नाही.

मला तक्रार करायला तोंड नव्हतं.
बावीस वर्षं मी त्याच खाणीत पट्ट्याजवळ उभा,
खालून येणारा तपकिरी कोळसा वर जाताना बघायचा,
दगड अडकला तर थांबवायचा, एवढंच काम.
पगार वेळेवर. लेयनाचं शिक्षण त्यातून,
घरावरची कौलं त्यातून,
आईच्या थडग्यावरचा ग्रॅनाइटसुद्धा त्यातूनच.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मीठ कुणाच्या घरचं, हे विचारायचं राहून गेलं.

कोळसा म्हणजे दगड नव्हे, हे पट्ट्यावर कळतं.
कधी अख्खा बुंधा येतो,
साल दिसते, गाठ दिसते,
नखाने खरवडलं तर तंतू सुटतात.
दलदलीत निजलेलं कधीकाळचं रान.
त्याला कुणी पत्र पाठवलं नव्हतं.
एकदा जेवणाच्या सुट्टीत
एका तुकड्यावरची वर्तुळं मोजली मी: एकेचाळीस.
एकेचाळीस उन्हाळ्यांचं ऊन गिळून आडवं झालेलं झाड.
तो तुकडा डब्यात घालून घरी आणला.
बाकीचं झाड संध्याकाळपर्यंत चिमणीतून गेलं.

आई रोज खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवायची.
बोट काळं निघालं की म्हणायची,
"आलास का रे, हांद्रिय?"
मी तर अजून पाळीवरच असायचो.

थडगी उघडणारी माणसं परगावची, सभ्य.
पांढरा तंबू, हातमोजे, नंबराच्या पट्ट्या.
आईचा नंबर सदुसष्ट.
लिंडनचं एक मूळ तिच्या उजव्या खांद्याखालून
पार पलीकडे गेलं होतं.
ते कापायची एका पोराने परवानगी मागितली.
मी म्हटलं, काप.
मग म्हटलं, थांब.
मग पुन्हा म्हटलं, काप.
आत तिचा कंगवा मिळाला, एक दात मोडलेला,
तो मीच मोडला होता, सहा वर्षांचा असताना.
चांगली उंचनिंच बाई.
हातभर पेटीत मावली.

नवी दफनभूमी अकरा किलोमीटरवर.
हिरवळ गुंडाळ्या करून आणलेली,
कडेकडेने पिवळी पडलेली, कारण
मार्चपासून पाऊस नाही,
आणि जमिनीतलं पाणी खाण कोरडी राहावी म्हणून
आमच्या जन्माआधीपासून उपसतायत.
पूर्वेला पाइनचं जंगल पेटलं होतं, सलग तिसरा उन्हाळा.
पाद्रीबाबा प्रार्थनेत तीनदा खोकले.
चिमणीचा धूर कुठला, रानाचा कुठला,
नाकाला काही सांगता येईना.

लेयना लाइपझिगहून आली होती. ती हवा मोजते, नोकरीच आहे तिची.
म्हणाली, "बाबा, आज वर गेलेलं
माझ्या नातवंडांच्या डोक्यावरसुद्धा असणार आहे."
"ठाऊक आहे," मी म्हटलं.
ठाऊक नव्हतं.
मला वाटायचं, वर गेलेलं जातं,
माणूस देवाघरी जातो तसं,
मागे फक्त आठवण, फार तर चौकटीवरची काजळी.

सगळ्यांनी मूठमूठ माती लोटली.
माझ्या मुठीत तो तुकडा होता.
पेटीवर पडला तेव्हा लाकडावर लाकूड वाजलं.
लेयनाने पाहिलं.
"किती वाचलं?" मी हळूच विचारलं.
तिने मनात हिशेब केला असणार, तिला सवय आहे.
"चहाची एक किटली," ती म्हणाली.
हसली नाही. माझ्या बाहीवरची धूळ झटकत राहिली.

ऑक्टोबरात मला वरच्या मातीच्या पट्ट्यावर पाठवलं.
तिसऱ्या दिवशी ब्रेझनाची माती आली.
ओळखू येते ती, पिवळसर, शाळेमागची.
मग लिंडनची मुळं आली, कापलेली टोकं पुढे करून.
माझा हात लाल बटणावर होता.

फक्त दगड अडकला तरच थांबवायचं,
असा नियम आहे.